डाव्या बाजूचे आरसे

आमच्या स्वयंपाकघरात सात आरसे होते आणि त्यातला एकही बाजारातून आणलेला नव्हता. सगळे ट्रकचे, सगळे डाव्या बाजूचे. चुलीच्या वरच्या फळीपासून मोरीच्या दारापर्यंत ते खिळ्यांना अडकवलेले असत, काहींना लोखंडी दांडी तशीच होती. एकाची काच कोपऱ्यात तडकलेली, एकाला मागून निळा रंग. आई मोरीजवळच्या आरशात बघून कुंकू लावायची, मी फळीजवळच्या आरशात बघून वेणी घालायचे. पाहुणे आले की हसायचे, म्हणायचे, तुमच्याकडे काय न्हाव्याचं दुकान आहे का? आईही तोंडदेखलं हसायची. मला मात्र हसू येत नसे. त्यातला प्रत्येक आरसा म्हणजे आमच्या आवारात यायला हवी होती आणि आली नाही अशी एकेक गाडी होती, आणि ती का आली नाही हे मला माहीत होतं.

माझे वडील, ज्यांना आम्हीच काय पण आग्रा रोडवरची गाळ्यांची सगळी ओळ अण्णा म्हणायची, थकलेले ट्रक विकत घेऊन ते खोलायचे आणि सुटे भाग विकायचे. द्वारका चौकाच्या पुढे, रस्त्याला लागून आमचा पत्र्याचा गाळा आणि आवार, आणि आवाराच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर. एका गाडीचा गिअरबॉक्स एकाला, एक्सल दुसऱ्याला, स्प्रिंगचे पाटे तिसऱ्याला. जी गाडी रस्त्यावरून उठली तिच्या जिवावर आणखी पाच-सहा गाड्या रस्त्यावर राहायच्या. कुणी अण्णांना भंगारवाला म्हटलं की ते भडकायचे. "भंगार वजनावर जातं," म्हणायचे, "माझा माल नगावर जातो." सकाळी जाग यायची ती रज्जाकचाचांच्या घणाच्या आवाजाने. रज्जाकचाचा आमच्याकडे गॅसकटर चालवायचे. घण थांबला की कटरची फुसफुस, ती थांबली की चहा. आमच्या भाकरीलासुद्धा डिझेलचा बारीक वास असायचा, पण तो मला लग्न होईपर्यंत कळला नाही. सासरची पहिली भाकरी खाताना तिला काहीतरी कमी आहे असं वाटलं, तेव्हा कळला.

आता त्या आरशांचं सांगते, कारण हा रिवाज त्या ओळीबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. आमच्या ओळीत गाड्या खोलणारे पाच-सहा जण होते. एखाद्या जुन्या गाडीचं मालकाशी बोलणं पक्कं झालं की घेणाऱ्याने पाना लावून तिचा डावा आरसा काढायचा आणि घरी न्यायचा. उजवा ठेवायचा, कारण गाडी आणताना ड्रायव्हरला तो लागतो. मग दुसरा कुणी ती गाडी बघायला गेला आणि डावा आरसा दिसला नाही, की त्याने चहा पिऊन परत फिरायचं; याला आरसा धरणं म्हणत. कागद नाही, साक्षीदार नाही. गाडी आवारात आली की आरसा पुन्हा लावायचा, नारळ फोडायचा आणि मग पहिला नट फिरवायचा. बेत बदलला तर आपण स्वतः जाऊन आरसा मालकाच्या हातात द्यायचा, म्हणजे गाडी बाकीच्यांना मोकळी. इतकं साधं. आणि इतक्या साध्या गोष्टीत माझे वडील आयुष्यभर नापास झाले.

अण्णांना आरसा काढता यायचा, गाडी आणता यायची नाही. एकलहऱ्याला वीज केंद्राची राख वाहणारी एक गाडी होती. आरसा काढला, आणि निघताना तिचा म्हातारा ड्रायव्हर डोळे पुसताना दिसला. झालं. "त्याचा जीव गुंतलाय, राहू दे थोडे दिवस," म्हणत अण्णांनी उन्हाळा घालवला. मालकाने कंटाळून गाडी लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवाल्याला देऊन टाकली. इगतपुरीला भाताच्या गिरणीची गाडी होती, इंजन असं की एका सेल्फमध्ये उठायचं. तिथे पाऊस आडवा आला. इगतपुरीचा पाऊस संपण्याची वाट बघणारा माणूस मी जगात एकच पाहिला आणि तो आमच्या घरात जेवायला असायचा. पाऊस संपेपर्यंत गाडीच्या टपातून पाणी आत जाऊन इंजन गेलं. आणि या प्रत्येक वेळी ओळीतले बाकीचे लोक काय करत होते? थांबले होते. अण्णांचा आरसा होता ना! पोपटशेठ, ज्याचं आवार आमच्या शेजारी आणि आमच्या दुप्पट, तो इगतपुरीची गाडी दोनदा बघून परत फिरला होता. अण्णांना आरसा परत करायची लाज वाटायची, म्हणून आरसे आमच्या भिंतीवर चढत गेले आणि आई त्यांच्यावरची काजळी पुसत राहिली.

मला मोठा भाऊ नव्हता, धाकटाही नव्हता. शाळा सुटली की मी आवारातच असायचे. कुणी मला शिकवलं नाही, कुणी हाकललंही नाही. रॉकेलच्या डब्यात बेअरिंगं धुता धुता कुठलं कशात बसतं ते कळत गेलं. बारावी झाली आणि मावशी ओझरचं एक स्थळ घेऊन आली. मी आईला सांगितलं, मला एवढ्यात नाही करायचं, मला गाळ्यावर बसायचं आहे. आईने ते अण्णांच्या कानावर घातलं. तेव्हा अण्णांचे दिवस फार खराब चालले होते. आवारात खोलायला गाडी नव्हती, गिऱ्हाईक येऊन आमच्या दारातून पोपटशेठकडे वळायचं. मला वाटलं होतं ते ओरडतील. पण त्यांनी एका जुन्या गाडीची ड्रायव्हरची सीट झटकली, गाळ्यात आपल्या खुर्चीशेजारी विटांवर ठेवली आणि म्हणाले, "एक नाकवाली गाडी येऊ दे आवारात. मग ही सीट तुझी. स्थळबिळ मग बघू." नाकवाली म्हणजे पुढे लांब बोनेट असलेली जुनी गाडी. तिचे भाग नवे मिळेनासे झाले होते, त्यामुळे तशी एक गाडी मिळाली असती तर वर्षभर आवार चाललं असतं. मी त्या सीटवर तेव्हा बसले नाही. गाडी आल्यावरच बसायचं असं मी ठरवलं होतं. कसला हा मूर्खपणा! बसून घ्यायला हवं होतं.

आणि गाडीची खबर आली. सिन्नरच्या पुढे कारभारीतात्या म्हणून एक म्हातारे होते. त्यांनी स्वतः चालवून म्हातारी केलेली नाकवाली गाडी ते काढणार होते. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन चालला होता, त्यामुळे घाई होती. खबर रज्जाकचाचांनी आणली. आणि अण्णा काय करत होते? पाट्यांची चवड पायावर पडून पाय प्लास्टरमध्ये, गाळ्यात खुर्चीवर. "प्लास्टर निघालं की जाऊ," म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "अण्णा, प्लास्टर निघेपर्यंत तात्या पुण्याला पोचतील." ते म्हणाले, "बघू." हा "बघू" ऐकून ऐकून आमच्या भिंती भरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आईने मला काही विचारलं नाही. सकाळी भाकऱ्या, ठेचा आणि कोरडं पिठलं बांधलं, चांगलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल. चौदा-पंधराचा पाना घे." तिला पान्याचा आकडा माहीत आहे हे मला त्या क्षणी कळलं. आम्ही निघतोय हे अण्णांना दिसत होतं. त्यांनी पेपरमध्ये तोंड घातलं. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. आजही मला वाटतं की तो हो होता. म्हणूनच पुढचं मला सहन होत नाही.

एसटीने मोहदरीचा घाट चढून सिन्नर, तिथून जीपने पुढे. गाडी तात्यांच्या खळ्याशेजारी बाभळीखाली उभी होती. तात्या आधी आमच्या मागे कुणी पुरुष येतोय का ते बघत राहिले. मग मी बोनेट उघडलं, खाली घुसले, मागच्या एक्सलच्या हौजिंगला हात लावून बघितला, तेलाची गळती कुठून आहे ते बघितलं. बाहेर आले तेव्हा माझ्या केसांत कोंबडीची पिसं होती. तात्या बाजेवर बसले होते, म्हणाले, "आण्णाची पोर हाय व्हय तू? लय हिंडलीस की गं गाडीखाली." आईने बोलणं केलं. मला वाटलं होतं ती लाजेल. ती अशी बोलली की तात्यांनी दोनदा टोपी काढून डोकं खाजवलं आणि शेवटी म्हणाले, "ने माय, तुझीच झाली. काढ पोरी आरसा." मी काढला. नट गंजलेला होता, हात सोलला, पण काढला. मग आम्ही चौघं, म्हणजे तात्या, त्यांची म्हातारी, आई आणि मी, बाभळीखाली बसून पिठलं-भाकरी जेवलो. म्हातारीने वर ताक दिलं. परतताना एसटीत आरसा माझ्या मांडीवर होता आणि कंडक्टरने विचारलं, "ताई, गाडी कुठंय?" आई म्हणाली, "येतीय मागून." ती खिडकीकडे तोंड करून हसत होती. माझ्या आईला असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

अण्णांनी आरसा हातात घेतला, उलटासुलटा केला, "गाडी नाकवालीच आहे," म्हणाले आणि रविवारी रज्जाकचाचांनी दुसरी गाडी नेऊन ती ओढून आणायची असं ठरवलं. हे त्यांनी ठरवलं, मी नाही. मी आरसा फळीजवळ आठव्या खिळ्याला लावला.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन गाळ्यात गेले तर शेजारच्या आवारात नाकवाली गाडी उभी होती. तिचं लांब बोनेट कुंपणाच्या वरून दिसत होतं आणि डाव्या बाजूला रिकामी दांडी. पोपटशेठने शुक्रवारी रात्रीच ओढून आणली होती. मी चहा तिथेच ठेवला आणि कुंपणापाशी जाऊन ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. रज्जाकचाचा मला मागे ओढत होते. पोपटशेठ दात कोरत उभा होता.

ओळीतलं भांडण ओळीत मिटवायची पद्धत होती. सगळे नाक्यावरच्या हॉटेलात जमायचे. त्या दिवशीही जमले. अण्णा प्लास्टरचा पाय ओढत, रज्जाकचाचांच्या खांद्यावर हात टाकून गेले. बायका तिथे जात नसत. मी गेले, दारात उभी राहिले. पोपटशेठ आधी बोलला आणि मला त्याचा शब्द न् शब्द पाठ आहे. "आण्णा, तुमचा आरसा आसता तर म्या त्या गाडीला हात लावला नस्ता. इगतपुरीला लावला का? पण ह्यो आरसा बाईमाणसानं काढला. पोरीबाळींनी काढलेला आरसा कवापासून धराया लागलो आपण? उद्या माझी बायको जाईल आन् सगळ्या जिल्ह्याचे आरसे काढून आणील." सगळे हसले. "तात्यालाबी म्या तेच सांगितलं. त्यो म्हनला, तुमच्या धंद्याचा रिवाज तुम्हाला ठाऊक, मला तर पुण्याला जायचंय."

रज्जाकचाचा म्हणाले, "शेठ, आरसा तर आरसा असतो. काढणाऱ्याचा हात कोण बघतो?" पण ते अण्णांच्या पगारावरचे, त्यांचं कोण ऐकणार? सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. मीही बघितलं. एक वाक्य हवं होतं मला. माझ्या सांगण्यावरून गेली होती, एवढंच. खोटं असतं तरी चाललं असतं, आणि खोटं ते नव्हतंच. वर्षानुवर्षं ज्यांनी अण्णांच्या बसून राहण्याचा मान ठेवला होता, त्यांच्यापुढे अण्णांनी माझ्या जाऊन येण्याचा मान ठेवायचा होता. बस.

अण्णा हसले. कपाळावर हात फिरवला आणि म्हणाले, "पोरीला काय कळतंय. हौस म्हणून गेल्या मायलेकी. आरसा देतो परत, पोपटशेठ. मंगल, जा, आण तो आरसा."

मी घरी आले. आई पीठ मळत होती. मी सांगितलं. तिने हात धुतले नाहीत. तशीच उठली, फळीजवळचा आरसा काढला, मग त्याच्या शेजारचा, मग तडकलेला, मग निळा, करत करत आठही आरसे काढले, जुन्या चादरीत बांधले आणि गाठोडं डोक्यावर घेऊन निघाली. मी मागे. आग्रा रोडवरून माझी आई पिठाच्या हातांनी गाठोडं धरून चालली होती आणि आत काच वाजत होती. हॉटेलात शिरून तिने ते चहाच्या टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. "पोपटभाऊ, तुमचा ओळखून घ्या," ती म्हणाली. "बाकीचे यांचे आहेत. यांना परत करायला लाज वाटते, म्हणून मी आणले. तुम्ही सगळ्यांनी यांचे आरसे सहा-सहा महिने धरलेत, माझ्या पोरीचा तुम्हाला आठवडाभर धरवला नाही. घ्या. आता आमच्या घरात एकही नको." अण्णांनी चहाच्या कपाकडे बघितलं. पोपटशेठने आरसा उचलला, हे मात्र खरं. त्याला लाज वाटली असेल, पण आरसा उचलला.

त्या संध्याकाळी मी अण्णांसमोर उभी राहिले आणि विचारलं, "तुम्ही असं का म्हणालात?" त्यांनी पाय स्टुलावर ठेवला होता. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मंगल, उद्या मला त्यांच्यातच बसायचंय."

"आणि मी कुठे बसू?" मी म्हटलं.

ती सीट गाळ्यात विटांवर तशीच होती. पुढच्या महिन्यात बघितलं तर तिच्यावर रेडिएटर ठेवला होता.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. ओझरचं नाही, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला असलेल्या माणसाशी. माणूस चांगला होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. पुढे चाळीस वर्षं कॉलनीत राखेच्या गाड्या दारावरून गेल्या की मला आत बसल्या बसल्या कळायचं, कुणाचं बेअरिंग बोलतंय, कुणाचा दुसरा गिअर सुटतोय. मी कढईतली भाजी हलवत ते ऐकायचे आणि त्याचं करायचं काय हे मला कुणी सांगितलं नाही. आता नातू मोबाइलवर दाखवतो, जुन्या गाड्या मोडीत काढायचे सरकारी नियम आले म्हणून. कुठल्याशा बाईच्या गॅरेजचा व्हिडिओ दाखवतो आणि म्हणतो, "आजी, बघ ना, किती भारी!" भारीच आहे. मी बघते आणि माझं डोकं फिरतं. त्या मुलीचं कौतुक वाटत नाही असं नाही. पण तिच्या बापाने नुसतं मध्ये न येण्याचं काम केलं असेल, तेवढंही आमच्याकडे कुणाला जमलं नाही. द्वारकेच्या उड्डाणपुलाखालून जाताना मी त्या ओळीकडे बघत नाही. लोक म्हणतात, एवढी वर्षं झाली, अजून काय राग? मी म्हणते, राग झिजायला तो कुणीतरी हातात घ्यावा लागतो. माझा कुणी घेतलाच नाही.

अण्णा एकदाच तो घ्यायला आले होते. लग्नाला पाच-सात वर्षं झाली असतील, मी दिवाळीला माहेरी आले होते. अण्णा खंगले होते, दमा लागला होता, आवार निम्म्यावर आलं होतं. इगतपुरीला एक नाकवाली गाडी निघाली होती, त्या भागातली बहुधा शेवटची. अण्णा स्वतः माझ्याशी बोलले नाहीत. पडवीत खाटेवर पडून होते, मी आत भाकऱ्या थापत होते, मध्ये एक भिंत. त्यांनी रज्जाकचाचांना आत पाठवलं. चाचांच्या हातात तोच चौदा-पंधराचा पाना होता, पुसून लख्ख केलेला. चाचा म्हणाले, "बेटी, अण्णांनी सांगितलंय तू जा. या वेळी ते सगळ्यांना सांगून ठेवणार, मंगलने काढलेला आरसा म्हणजे माझाच आरसा."

माझाच आरसा. म्हणजे त्यांचाच.

मी हात पुसले. पाना हातात घेतला, त्याचं वजन मला आवडायचं, तसंच होतं. मला जायचं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण त्या क्षणी मला एसटीच्या वेळासुद्धा आठवत होत्या. मग मी पाना चाचांच्या हातात परत ठेवला आणि पडवीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "त्यांना सांगा, बाईमाणसाने काढलेला आरसा धरत नाहीत."

चाचा पाना घेऊन बाहेर गेले. गाडी पोपटशेठने नेली. त्या वेळी जायला हवं होतं असं माझी मुलगी म्हणते. मी नसते गेले, आजही जाणार नाही. त्या दिवशी दुपारी मी अण्णांचं ताट वाढलं. भिंतीवर आईने बाजारातून आणलेला एक साधा आरसा होता आणि त्याच्या आजूबाजूला रिकामे खिळे. आई चुलीजवळून उठली नाही. एवढंच म्हणाली, "आता कळलं असेल." अण्णांनी ताटावरून मान वर केली नाही.